म्हाताऱ्याची उत्तरपूजा

मी गूळ खात नाही. गुऱ्हाळवाल्याची मुलगी असून गूळ खात नाही म्हटलं की माणसं माझ्याकडे संशयाने बघतात. संक्रांतीला आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये तिळाच्या वड्यांचा डबा फिरतो, तेव्हा मी एक वडी उचलते, रुमालात गुंडाळते आणि घरी आणून ओट्यावर ठेवून देते. कुणी फारच आग्रह केला तर डायबेटिसचं नाव पुढे करते. मोठा सोयीचा रोग आहे तो. त्याचं नाव काढलं की पुढचा प्रश्न येत नाही. खरं कारण सांगायचं तर गुऱ्हाळापासून सुरुवात करावी लागेल, आणि आमची मधली सुट्टी काही तेवढी मोठी नसते.

दिवाळी सरून थंडी पडली की साताऱ्यात मंडईच्या कोपऱ्यावर नव्या गुळाच्या ढेपा येतात. यंदाही आल्या. दुकानदाराने वर पाटी लावली होती, ‘शुद्ध गावरान गूळ’. लोक थांबून, वाकून, डोळे मिटून वास घेत होते. तेवढ्यात एक टेंपो चढावर अडला, दोनदा कण्हला आणि त्याने मागून असा काळा लोट सोडला की दुकानदार, ढेपा, पाटी, सगळं त्यात दिसेनासं झालं. लोट विरला. माणसं पुन्हा वास घ्यायला वाकली. कुणाला काही वाटलं नाही. मी मात्र रस्ता ओलांडून गटारापाशी जाऊन थुंकले. गूळ आणि डिझेल हे दोन वास एकत्र आले की मी साताऱ्यात राहत नाही. मी कराडच्या खाली, कृष्णेच्या काठच्या आमच्या रानात जाऊन पडते.

तिथे आमचं गुऱ्हाळ होतं. लोकांना गुऱ्हाळ म्हटलं की गरम काकवी, थंडीतली चुलवाणाची ऊब, हातावर घेतलेला ताजा गूळ असलं काय काय आठवतं. सुट्टीत चार दिवस मामाकडे येणाऱ्यांच्या आठवणी आहेत त्या. ज्यांचं बिऱ्हाडच हंगामभर गुऱ्हाळावर असतं त्यांना विचारा. मोठ्या काहिलीत रस उकळत असायचा आणि त्यावर मळीचा फेस यायचा, तो काढून बाजूला ओतला की तिथे माश्यांचं गणगोत जमायचं. पायाला चिकट, हाताला चिकट, केसांना चिकट. आणि ह्या सगळ्या चिकटपणावर वरून काजळी पडायची. ऊस पिळणाऱ्या चरकाला जे इंजिन जोडलेलं होतं, त्याच्या धुराड्यातून.

त्या इंजिनाला आम्ही म्हातारं म्हणायचो. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ते तरुणपणी कुठल्याशा मोडीतून उचललं होतं आणि तेव्हाच ते म्हातारं होतं. एकच सिलिंडर, दोन बाजूंना दोन थोरली चाकं. थंडीत ते हँडलला दाद द्यायचं नाही; मग रॉकेलचा पेटता बोळा त्याच्या तोंडाशी धरायचा, दोघांनी हँडल मारायचं. आधी पांढरा, मग निळा आणि मग काळा धूर काढत ते एकदाचं भकभकायला लागायचं. पुढे दिवसभर थांबायचं नाही. डिझेलमध्ये रॉकेल मिसळून त्याला पाजायचे, कारण सगळेच पाजत होते.

मी पुढे चित्रकला शिकले आणि आता मुलांना शिकवते, तेव्हा काळ्या रंगातलं मला थोडंफार कळतं. काजळाचा काळा मऊ असतो. शाईचा काळा निळ्याकडे झुकतो. तव्याच्या बुडाचा काळा खरखरीत, प्रामाणिक असतो. घासला की निघतो. इंजिनाचा काळा तेलकट. तो बोटाला लागला की साबणाने फक्त पसरतो. दुधावर पडला तर सायीत अडकून बसतो. आईने वाळत घातलेल्या लुगड्यांवर, आमच्या शाळेच्या पांढऱ्या ब्लाउजवर, भाकरीच्या पिठावर तो पडायचा, आणि सकाळी नाक शिंकरलं की रुमालातही तोच निघायचा. त्या रुमालाकडे बघून मला जी किळस यायची ती अजून ताजी आहे.

आणि आंघोळी. इंजिन गार ठेवायला हौदातलं पाणी त्याच्या अंगातून फिरवलेलं असायचं; ते ऊन-ऊन होऊन दुसऱ्या बाजूने पडायचं. फुकटचं गरम पाणी म्हटल्यावर थंडीत आसपासची सगळी वस्ती बादल्या घेऊन हजर. त्या पाण्यावर डिझेलचा रंगीबेरंगी तवंग असायचा. लोक तो हाताने बाजूला सारून तांब्या बुडवायचे आणि ‘हर हर गंगे’ म्हणत डोक्यावर ओतायचे. मी गार पाण्याने आंघोळ करायचे आणि शालन मला हसायची.

“मंदे, वासाचं तेल समज की त्येला,” ती म्हणायची. “पैसं न पडता मिळतंय.”

शालन माझी थोरली बहीण. तिचा त्या इंजिनावर जीव होता. चरकाचा पट्टा सैल पडून घसरायला लागला की त्याला राळ लावायची, हौदाची पातळी बघायची, डब्यातलं डिझेल संपत आलं की ओरडून सांगायचं, ही कामं तिने कधी कुणी न सांगता अंगावर घेतली होती. गडीमाणसं पुष्कळ होती, पण ती हटायची नाही. म्हाताऱ्याशी बोलायची. “आज काय झालंय तुला, सकाळधरनं रुसलायस,” असं. आबांना त्याचं कौतुक. “माझी शालन म्हंजे पोरगाच हाय,” असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, आणि पोरगा धुरात खोकत उभा असायचा.

खोकला तिला केव्हा लागला ते नेमकं कुणालाच आठवत नाही. थंडीबरोबर यायचा, उन्हाळ्यात जरा दबायचा. नव्वदीच्या सुरुवातीच्या कुठल्याशा हंगामात तो आला आणि उन्हाळ्यातही गेला नाही. बोलताना तिला वाक्य पुरं करता येईना. अर्ध्यात थांबायची, हात वर करून ‘थांब’ म्हणायची, खोकून घ्यायची आणि मग उरलेलं अर्धं वाक्य बोलायची. घरात सगळ्यांना त्याची सवय झाली होती. कराडच्या डॉक्टरांनी छाती तपासून स्वच्छ सांगितलं, हिला धुरापासून लांब ठेवा. आबा सगळं ऐकून ‘व्हय, व्हय’ म्हणाले, येताना बाजारातून तिच्यासाठी चांगला जाड लोकरी मफलर आणला आणि दुसऱ्या दिवशी ती मफलर गुंडाळून पट्ट्यापाशी उभी राहिली. आई अडुळशाचा काढा करायची. आमच्याकडे धूर कधीच कुणाला बाधत नाही. बाधते ती थंडी.

अशात ती योजना आली. सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांची मिळून. काही सरकारी खाती, काही सहकारी संस्था, एक कॉलेज, आणि लांबून कुठून तरी आलेलं अनुदान, अशा सगळ्यांची भागीदारी होती म्हणे. धूर काही जिल्ह्याची हद्द बघून थांबत नाही, म्हणून दोघांनी मिळून काम करायचं, हे त्यांचं बोलणं मला तेव्हाही पटलं होतं आणि आजही पटतं. ज्याचं डिझेल इंजिन जुनं आणि धुरकट आहे त्याने ते मोडीत काढायचं. नवं घ्यायला निम्मी मदत त्या त्या जिल्ह्याची समिती करणार. मी तेव्हा कॉलेजात होते. कराडच्या सभेला आबांच्या मागे लागून गेले, कारण मला त्यात एकच गोष्ट दिसत होती: शालनला वाक्य पुरं करता येईल.

सभेला समितीची जीप आली होती. समितीचे सचिव, आम्ही त्यांना नुसतं साहेबच म्हणायचो, उतरले आणि धुराच्या दुष्परिणामांवर बराच वेळ बोलले. तितका वेळ त्यांची जीप खिडकीखाली चालूच होती, धूर काढत. तिचा स्टार्टर गेला होता, बंद केली की ढकलावी लागायची. खिडकीजवळच्या बायका पदर नाकाला लावून धुराचे दुष्परिणाम ऐकत होत्या. कुणी उठून एक शब्द बोललं नाही. मीही बोलले नाही, मुलीने सभेत बोलायची पद्धत नव्हती.

मग समिती गुऱ्हाळं बघत फिरली. त्यांच्याकडे धूर मोजायची साधी युक्ती होती: पांढरंशुभ्र फडकं काठीला बांधून धुराड्यावर धरायचं. जेवढं काळं होईल तेवढं इंजिन वाईट. आमच्याकडची पाळी आली तेव्हा सगळा गाव जमला. आधी शेजारच्या मळ्यातल्या इंजिनाला फडकं धरलं, ते राखाडी झालं. लोक गप्प. मग आमच्या म्हाताऱ्याला धरलं. बघता बघता फडकं असं काळंकुट्ट झालं की त्यातून थेंब गळेल की काय असं वाटलं. आणि गर्दीतून एकदम शिट्टी आली.

“ह्येला म्हंत्यात दम,” कुणीतरी म्हणालं.

“आबा, लय ताकद हाय गड्या तुमच्या म्हाताऱ्यात.”

आबांनी चक्क मिशीवरून हात फिरवला. शेजारचा मळेवाला हिरमुसला होऊन घरी गेला. त्याने म्हणे त्याच दिवशी मिस्त्री बोलावून पंप वाढवून घेतला, जास्त डिझेल ओढून जास्त काळा धूर यावा म्हणून. साहेब ते फडकं हातात धरून उभे होते. मी त्या काळ्या फडक्याकडे बघत होते आणि माझ्या शेजारी शालन हात वर करून खोकत होती. धूर म्हणजे ताकद, हे आमच्या माणसांच्या डोक्यात कुणी कोंबलं कोण जाणे. पण आपल्या लेकीच्या फुप्फुसात काय जातंय ते पांढऱ्या कापडावर काढून दाखवल्यावर ज्या गावाने शिट्टी मारली, त्या गावाची मला त्या दिवशी जी शिसारी आली ती पुरती अजून गेलेली नाही.

आबा नव्या इंजिनाला तयार झाले. गाडं अडलं ते अटीवर. जुनं इंजिन समितीसमोर घण घालून फोडायचं, म्हणजे ते परत कुठे धूर काढणार नाही. आबांचा चेहरा उतरला.

“सायब, दरसाल खंडेनवमीला ह्येला हळदकुंकू वाहिलंय. ह्येच्या जिवावर दोन पोरी वाढवल्या. ह्येच्यावर घण घालू?”

साहेब शहाणे होते. त्यांनी आबांना बाजूला घेतलं. मी हौदाच्या आडोशाला होते, मला सगळं ऐकू आलं. “फोडू नका,” ते म्हणाले. “जिल्ह्याबाहेर कुणाला तरी देऊन टाका. आमच्या हद्दीत दिसलं नाही म्हणजे झालं. सांगलीकडचेही तेच करतात.” मग त्यांच्या माणसाने जीपच्या मागून एक फुटकं, गंजलेलं इंजिन खाली उतरवलं. कुठल्याशा भंगारवाल्याकडचं होतं. आबांनी त्याच्यावर घण उगारला, फोटो निघाला, फुटकं इंजिन परत जीपमध्ये गेलं. त्या हंगामात ते फुटकं इंजिन गावोगाव फिरलं आणि दर गावात नव्याने फुटलं.

नवं इंजिन आलं. म्हातारं गोणपाट पांघरून गोठ्याच्या मागे जाऊन बसलं.

आणि त्यानंतरचे काही आठवडे. खरं म्हणजे मला लिहायचं होतं ते त्यांच्याबद्दल, बाकी सगळी घाण आपोआप आली. नव्या इंजिनाचा धूर लागला तर लागावा इतकाच. पहिल्यांदाच मला कळलं की आमच्या रानाला स्वतःचा वास आहे: पहाटे नदीचा, दुपारी वाळत्या चिपाडांचा, संध्याकाळी ओल्या मातीचा. आईने दोरीवर टाकलेलं लुगडं ज्या रंगाचं टाकलं त्याच रंगाचं परत आलं. ती ते हातात घेऊन उलटसुलट करून बघत राहिली. एके दिवशी शालन चरकापाशी उभी राहून कुणाला तरी गोष्ट सांगत होती आणि मी लांबून ऐकत होते. ती वाक्य सुरू करत होती आणि संपवत होती, एकामागून एक, हात वर न करता. शेवटी स्वतःच्याच गोष्टीला मोठ्याने हसली आणि त्या हसण्यात खोकला आला नाही. आई चुलवाणाशी होती. तिने वर बघितलं आणि पदराने डोळे पुसून परत जाळ सारू लागली.

“नवीन हाय ते बरं हाय गं,” शालन त्या रात्री जेवताना म्हणाली, “पण ह्याला काय बोलता येत न्हाई.”

माघात तिचं लग्न ठरलं. मुलगा सांगलीजवळ माधवनगरचा, घरची पिठाची गिरणी. माणसं चांगली होती, त्यांनी काही मागितलं नाही. फक्त बोलता बोलता दाजी म्हणाले होते की वीज सारखी जाते, गिऱ्हाईक दळणाचे डबे घेऊन ताटकळतं. झालं. आबांच्या डोक्यात प्रकाश पडला. जिल्ह्याबाहेर द्यायचंच होतं, मग परक्याला कशाला?

मी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा आबांच्या तोंडाला तोंड दिलं. “आबा, डॉक्टरांनी काय सांगितलंय? तिला आत्ता कुठं बरं वाटतंय. ते इंजिन तिच्या घरी नको.”

“आगं, माझ्या लेकीला वळखतंय ते,” आबा म्हणाले. “दुसऱ्याच्या दारात नांदंल का?”

मी शालनकडे गेले. वाटलं, ती तरी नको म्हणेल. ती हातावरची मेंदी बघत बसली होती. “आसू दे गं,” म्हणाली. “माहेरचं कुणीतरी संगं येतंय तेवढंच.”

पूर्वी नवरीबरोबर सासरी पाठराखीण जायची. आमच्या शालनची पाठराखीण म्हणजे हे. लग्न लागलं, साहेब येऊन जिलबी खाऊन गेले, ‘एका दगडात दोन पक्षी’ म्हणाले. बायकांनी शालनची ओटी भरली आणि कुणीतरी हौसेने म्हाताऱ्यालाही हळदकुंकू लावून नारळ ठेवला. त्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दोरांनी बांधलं, चाकांना हार घातले. आबा मुलीला निरोप देताना रडले नाहीत, इंजिनाच्या दोराची गाठ मारताना रडले. मी करवली म्हणून बरोबर होते. सांगलीच्या वाटेवर समोरून एक ट्रॅक्टर आला. त्याच्या ट्रॉलीतही गोणपाटात गुंडाळलेलं एक जुनं इंजिन होतं, कराडकडे चाललेलं. दोन्ही ड्रायव्हरांनी एकमेकांना हात केला.

“राम राम.”

“राम राम. तुमचंबी बाद झालं व्हय?”

दोघंही हसले. दोन जिल्ह्यांची भागीदारी मी ह्या डोळ्यांनी बघितली ती एवढी.

मग मी सांगलीला चित्रकलेच्या कोर्सला आले, वसतिगृहात राहायचे आणि रविवारी माधवनगरला शालनकडे जायचे. पुढे गिरणी, मागे घर, आणि मधल्या खोलीत म्हातारं. त्याची आणि स्वयंपाकघराची भिंत एकच. वीज गेली की दाजी हँडल मारायचे, सगळं घर थरथरायचं, मांडणीवरची भांडी किणकिणायची आणि भिंतीच्या फटीतून काळा धूर चुलीवर यायचा. दळणाला रॉकेलचा वास लागायचा. माधवनगरचं निम्मं गाव त्या पिठाच्या भाकरी खायचं आणि भाकरीला वास येतो म्हणून जोंधळ्याला शिव्या द्यायचं. शालनचे केस पिठाने पांढरे आणि नाकपुड्या काजळीने काळ्या असायच्या. पहिल्याच पावसाळ्यात तिचा हात पुन्हा वर जायला लागला. अर्धं वाक्य, खोकला, उरलेलं वाक्य. मी ते ऐकत बसायचे आणि वसतिगृहावर परतल्यावर जेवण जायचं नाही.

तिला मुलगी झाली, तेजू. आणि तेजू बोलायला लागायच्या आधी खोकायला लागली. अगदी तसंच, आईसारखं, एक हात वर करून. लोक हसायचे. “आईची नक्कल करती,” म्हणायचे.

दसऱ्याच्या आधी तेजूला एकदम धाप लागली. ओठ निळे पडले. सांगलीला दवाखान्यात नेलं, नाकातोंडावर मास्क लावला. मी तिथे होते. डॉक्टरांनी घर कसं आहे, काय आहे, सगळं विचारून घेतलं आणि म्हणाले, त्या घरात एक तर इंजिन राहील, नाही तर ही मुलगी राहील, काय ते ठरवा. दाजी भला माणूस, मान खाली घालून ऐकत होते.

तेजूला घरी आणलं तो खंडेनवमीचा दिवस. गिरणी बंद होती, म्हाताऱ्याला धुऊनपुसून झेंडूच्या माळा घातलेल्या होत्या, पूजा झालेली होती. दाजी शालनला म्हणाले, “दसरा होऊ दे. मग इकून टाकतो.”

“कुणाला इकणार?” शालन म्हणाली, थांबली, खोकली. “कुणाच्या लेकरापाशी?”

“मग काय फोडू? आत्ताच पूजा क्येलीया त्याची.”

शालनची सासू, तिला आम्ही सगळे आत्याबाई म्हणायचो, कोपऱ्यात तेजूला मांडीवर घेऊन बसली होती. बाई फटकळ. सुनेच्या खोकल्याला तिने कधी भीक घातली नव्हती. बायकांनी खोकतच संसार करायचा असतो असं तिचं मत असावं. पण नातीचे निळे ओठ तिने बघितले होते. ती शांतपणे मुलाला म्हणाली, “गणपतीची पूजा करतूस का न्हाई?”

“करतो की.”

“मग त्येला नदीत कसा सोडतूस? त्यो काय बिनपूजेचा आसतो? उत्तरपूजा करायची, जाग्यावरनं हलवायचा, देव गेला त्यातनं. मग ऱ्हायली ती माती. ह्येची उत्तरपूजा करा आन् घाला घण.”

आबांनी इतका शोक केला, साहेबांनी इतकी लबाडी केली, गावोगाव फुटकं इंजिन नाचवलं, आणि ह्या एवढ्याशा गोष्टीचा विचार एकाच्याही मनात आला नव्हता. देव कसा घालवायचा ते आमच्या घराघरांत माहीत आहे. घालवायचा नव्हता कुणाला, एवढंच.

दाजींनी म्हाताऱ्यावर अक्षता टाकल्या. दहीपोह्याचा नैवेद्य दाखवला. पहार घालून तिघाचौघांनी ते जागेवरून तसूभर हलवलं. सवयीने कुणाच्या तरी ओठांवर आलंच, “पुढच्या वर्षी...”

“गप,” आत्याबाई म्हणाली. “परत ये म्हनू नका.”

घण शालनने उचलला. तिला तो पेलत नव्हता. तिने पहिला घाव घातला तो नुसताच ठण्ण वाजला आणि तिला खोकल्याची उबळ आली. ती भिंतीला धरून उभी राहिली, हात वर केलेला. दाजींनी तिच्या हातातून घण घेतला आणि मारत राहिले. बिडाचं लोखंड फुटतं तेव्हा कोरडा आवाज येतो. आतून काळं, दाट, जुनं तेल वाहत बाहेर आलं, झेंडूची फुलं त्यात बुडाली, आणि असा वास सुटला की मी दाराबाहेर जाऊन ओकले.

आबा बरेच दिवस शालनशी बोलले नाहीत. मग एकदा आले, तेजूला खांद्यावर घेऊन त्या रिकाम्या, चुना लावलेल्या खोलीत उभे राहिले. “मोठी दिसती की खोली,” म्हणाले. त्या विषयावर ते ह्यापेक्षा जास्त कधीच बोलले नाहीत.

साहेब मात्र आले, आणि आनंदाने आले. त्यांना कुठून तरी कळलं होतं की माधवनगरला एक इंजिन खरोखरच फुटलंय. त्यांना ते तुकडे हवे होते, अनुदान देणारे पाहुणे येणार होते, त्यांना दाखवायला. आत्याबाईने विचारलं, “फोटूत घण कुणाच्या हातात दावनार?” साहेब म्हणाले, अध्यक्षांच्या. “न्या मग,” ती म्हणाली, “पर तेल सांडू नका वाटंवर.” पुढे दोन्ही जिल्ह्यांच्या समित्यांनी कुठल्याशा कार्यक्रमात एकमेकांना शाल-श्रीफळ दिलं म्हणतात. मला ते नारळसुद्धा नासके निघाले असावेत असं वाटतं.

इतक्या वर्षांनंतर किळस कमी व्हायला हवी होती. ती झाली नाही. डॉक्टरांनी शालनला तेव्हाच सांगितलं होतं की जे गेलं ते परत यायचं नाही, आहे तेवढं सांभाळा. आता रस्त्यावर टेंपोने धूर सोडला की मला तो धूर दिसत नाही, ते पांढरं फडकं दिसतं आणि शिट्टी ऐकू येते. आणि कुणी गुळाची ढेप नाकाशी नेऊन ‘आहाहा’ म्हणालं की मी दुसरीकडे बघते.

यंदा संक्रांतीला शालन आणि तेजू माझ्याकडे साताऱ्याला आल्या. माझं घर वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तेजू आता नोकरी करते. तिने दोन्ही पिशव्या उचलल्या आणि बोलत बोलत, हसत, धडाधड जिने चढून वर गेली. मी शालनबरोबर मागे राहिले. पहिल्याच वळणावर ती थांबली, कठड्याला धरलं आणि एक हात वर केला. मी थांबले. तिची छाती भात्यासारखी हलत होती. वरून तेजूचं बोलणं ऐकू येत होतं, फोनवर कुणाला तरी काहीतरी सांगत होती. लांबलचक वाक्यं, न थांबता, एकामागून एक.

मला वाटलं, शालनला पाणी हवंय. मी पिशवीतली बाटली काढली. तिने मान हलवली, बोट ओठांवर ठेवलं.

“गप,” म्हणाली. “ऐक. एवढं चढून ग्येली... आन् मधी... कुठं थांबली न्हाई बघ.”